तोंड इकडं कर

सदूदादानं काठी भिंतीला टेकवली, विजारीचे पाय जरा वर ओढले आणि चार माणसांदेखत गोणपाटावर ऐसपैस मांडी घातली.

“बघ रं केरबा,” तो म्हणाला, “बसली का न्हाई?”

बसली होती. दोन्ही गुडघे जमिनीला, पाठ ताठ. खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस तीन-चार महिन्यांत असा बसतो, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. वैनींनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारच्या दुकानातले दोघं आत येऊन कौतुक करून गेले. मी स्टुलावर बसून तंबोऱ्याच्या खुंटीला पॉलिश करत होतो, ते करतच राहिलो.

“बसली की,” मी म्हणालो. “त्यात काय मोठंसं.”

पण मी किती जळलो ते माझं मला ठाऊक. त्याला कारण ते गोणपाट.

मिरजेत तंबोरे करणारी घरं पुष्कळ, त्यातलं आमचं अगदी धाकटं. आजोबा सुतारकाम शोधत गावात आले आणि एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली भोपळे कापायला शिकले, तिथून आमचं दुकान सुरू झालं. सदूदादा माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा. दुकानात आजोबांपासूनची एक रीत होती. भोपळा कुणीही कापावा, दांडी कुणीही घडवावी, जवारी मात्र एकानंच काढायची. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, त्या घोडीचा माथा कानशीनं इतका हलका घासायचा की तार तिला टेकते न टेकते. मग ती तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते, आणि एका सुरातून दुसरे सूर उमलत जातात. ही जवारी. कानस जरा जास्त फिरली की तार चिरकते, कमी फिरली की मुकी राहते. दुकानातून गेलेल्या प्रत्येक तंबोऱ्याचा गळा एकच असला पाहिजे, म्हणून हातही एकच, असं आजोबा सांगायचे. आणि ज्याचा हात, त्याची खिडकीजवळच्या गोणपाटावर जागा. मांडी घालायची, भोपळा मांडीत घ्यायचा, मान वाकवून कान तारांशी न्यायचा. स्टुलावर बसून जवारी काढलेली आमच्याकडे कुणी बघितली नव्हती.

आजोबांनंतर त्या गोणपाटावर चुलते बसले, चुलत्यांनंतर सदूदादा. माझा नंबर कधी लागलाच नाही. माझा कान दादापेक्षा चांगला आहे, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण ऐकतो कोण! गाणारी मंडळी पुण्या-मुंबईहून यायची ती दादासाठी. दारातून आत येता येता “सदाशिवराव आहेत का?” असंच विचारायची. मी समोर बसलेला असायचो, तरी माझ्या डोक्यावरून आत बघायची.

आमच्या घराण्याचा दुसरा वारसा म्हणजे कच्चा खुबा. पन्नाशी उलटली की आमच्यातले पुरुष लंगडायला लागतात. माझा खुबा आधी गेला. तो मिरजेतच बदलला, साधा, प्लास्टिकच्या वाटीचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, जमिनीवर बसायचं नाही, सांधा निखळेल. झालं, गोणपाटाची आशाच संपली. मी स्टूल केलं आणि त्याच्यावर बसून खुंट्या घासू लागलो. एकच समाधान होतं. दादाही लंगडायला लागला होता. आज ना उद्या तोही माझ्या शेजारी स्टुलावर येणार, मग बघू कोण किती सदाशिवराव ते.

तर मध्ये कुमुदबाई आल्या. या पुण्याच्या मोठ्या गायिका, आमच्या तंबोऱ्यांशिवाय गायला न बसणाऱ्या. दादाला मांडी घालता येणार नाही म्हटल्यावर त्या अशा हळहळल्या, जसं काही त्यांचाच गळा बसला. त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना गाठलं आणि दादाला परदेशी बनावटीचा नवा खुबा बसवून आणला. वाटी धातूची, आत फिरणारा गोळाही धातूचा, आणि तो गोळा चांगला मोठा, म्हणजे सांधा सहजासहजी निखळत नाही. मांडी घाला, उकिडवे बसा, काहीही करा.

“जल्मभर टिकंल म्हनाले डॉक्टर,” दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. “आमच्या केरबाचं प्लास्टिक हाय. माजं तसलं न्हाई.”

“बरं झालं,” मी म्हणायचो. “तू गेल्यावर भंगारवाल्याला बोलवाय बरं पडंल.”

लोक हसायचे, दादाही हसायचा. मी हसण्यावारी बोलत नव्हतो.

अशी चार-पाच वर्षं गेली. दादाचं नाव वाढतच होतं. मग एक दिवस मी दुकानात आलो तर गोणपाट खिडकीपाशी नव्हतं. दादानं ते उचलून दुकानाच्या मधोमध, बरोबर माझ्या स्टुलासमोर टाकलं होतं.

“हे काय नवीन?” मी विचारलं.

“खिडकीतनं ऊन येतंय. डोळ्यांवर येतंय.”

आजोबांपासून त्या खिडकीतून तेच ऊन येत होतं. त्या दिवसापासून दादा जवारी काढायचा ती माझ्यासमोर. कानशीचा एक हात मारायचा, चारही तारा छेडायचा आणि मान वर करून थेट माझ्या तोंडाकडे बघायचा. पुन्हा एक हात, पुन्हा तारा, पुन्हा माझं तोंड.

“काय बघाय लागलास?” मी वैतागून विचारायचो.

“काय न्हाई. तुजं नाक वाढलंय जरा.”

मला वाटलं, म्हातारा आता मजा बघतोय. मी किती जळतो ते त्याला अगदी जवळून बघायचंय. आणि मी जळतच होतो, खोटं कशाला बोलू! काम चालू असताना तार जरा कडक, जरा कोरडी वाजत असायची तोवर मला बरं वाटायचं. मग कधीतरी कानशीच्या एका हलक्या हातानं आवाज असा काही खुलायचा की सगळं दुकान भरून जायचं. हे मला का नाही, हे मला का नाही, असं आत चालू व्हायचं. तोंड लपवायचं कुठं! आणि नेमकं त्याच वेळी दादा खूश होऊन कानस खाली ठेवायचा.

“कारलं खाल्ल्यागत तोंड करतोयस,” तो म्हणायचा. “जा, चहा सांग.”

त्या सुमाराला तो वाळत चालला होता. वैनी कुरकुरायच्या, ह्यांना जेवण गोड लागत नाही, सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणतात, पायाला मुंग्या येतात म्हणतात. दोन पायऱ्या चढला तरी त्याला धाप लागायची. मी म्हणायचो, वय झालं, आता तरी जागा सोडावी माणसानं. हे मी मोठ्यानं म्हणत नव्हतो. पण एका दुपारी म्हणालो. दादा माझ्याकडे पाठ करून कोनाड्यात तारांची गुंडाळी शोधत होता.

“थेरड्या,” मी पुटपुटलो, “आनि किती दिवस बसनार हाईस त्या पोत्यावर?”

त्यानं मागं वळून बघितलं नाही. एरवी दुकानात झुरळानं पाय हलवला तरी त्याला कळायचं, आणि चुलत भावाची शिवी कळू नये? मी जरा मोठ्यानं म्हणालो. तरी काही नाही. मग मी हातातली कानस शहाबादी फरशीवर टाकली. ती खणखणत लांबवर गेली. दादा आपला कोनाड्यात शोधतोच आहे.

दादाला ऐकू येत नव्हतं. समोर असला की ओठ बघून बोलत होता आणि कुणाला पत्ता लागू देत नव्हता. जवारी काढणारा माणूस, आणि बहिरा! पहिल्यांदा मला जो आनंद झाला तो काय सांगू. दुसऱ्याच क्षणी तो विरला. कारण त्याच आठवड्यात त्यानं एक तंबोरा पुरा करून धाडला होता, आणि त्या जवारीत मला बोट ठेवायला जागा सापडली नव्हती. म्हणजे धडधाकट कानाचा मी स्टुलावर खुंट्या घासत होतो आणि कान गेलेला माणूस तसली जवारी काढत होता. इतका जळफळाट मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

मी तडक आत गेलो.

“वैनी, दादा बहिरा झालाय.”

“काहीतरीच काय भाऊजी! आत्ता सकाळी बोलले माझ्याशी.”

“समोरनं बोलतोय. मागनं हाक मारून बघा.”

वैनी दारात आल्या. दादाच्या पाठीमागं उभ्या राहून त्यांनी “अहो” म्हटलं. मग परत एकदा. मग तिसऱ्यांदा, अगदी मोठ्यानं. आणि पदर तोंडाला लावून त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मला तेवढं मात्र बघवलं नाही.

ज्यांनी माझा खुबा बदलला त्या मगदूम डॉक्टरीणबाईंकडेच आम्ही त्याला नेलं, कारण पायाच्या मुंग्यांचं निमित्त सांगून नेता आलं. कानाचं नाव काढलं असतं तर तो आलाच नसता. डॉक्टर वयानं लहान, पण ऐकून घेणाऱ्या. मुंग्या, धाप, तोंडाची चव, खाली आलेलं वजन, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग वैनींनी कानांचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं.

“काका, तुमचा खुबा कसला आहे?” त्यांनी दादासमोर वाकून विचारलं.

“धातूचा!” दादा आनंदानं म्हणाला. “वाटी बी आनि गोळा बी.”

बाईंनी त्याचं रक्त काढून मुंबईला तपासायला पाठवलं, कानाची तपासणी करवली, छातीची सोनोग्राफी करवली. सगळं हाती आल्यावर आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. धातूवर धातू घासत होता. दादा पाऊल टाकायचा, मांडी घालायचा, तसतशी त्या सांध्यातून डोळ्यांना न दिसणारी भुकटी सुटत होती. ती रक्तात उतरली होती. कोबाल्ट आणि क्रोमियम, असायला पाहिजे त्याच्या कितीतरी पट.

“सगळ्यांना असं होत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला झालंय. कान त्यानंच गेले असावेत, पायाच्या मुंग्याही त्यानंच. आणि हृदय थकायला लागलंय. मला जास्त काळजी त्याची आहे. हा सांधा लवकरात लवकर काढायला हवा.”

आमच्या दादाला रोगही झाला तो परदेशी! एक खुबा सोडला तर मला जन्मात सर्दी-पडशापलीकडे काही झालं नाही. माझ्या मनात त्याही वेळी हे येऊन गेलं.

“काढला तर तिथं काय घालनार?” दादानं विचारलं.

“केरबाकाकांना आहे तसा. प्लास्टिकच्या वाटीचा.”

दादानं माझ्याकडे बघितलं.

“मांडी?”

“नाही काका. मांडी नाही घालायची.”

“मग नगो,” दादा म्हणाला आणि काठी घेऊन उठला.

घरी वैनींनी रडून बघितलं, मुलीनं बेळगावहून येऊन आकांत केला. दादाचं एकच. कुमुदबाईंची जोडी करायला घेतली आहे, ती झाल्याशिवाय बोलायचं नाही, आणि ती झाल्यावर बघू. बाईंच्या पंचाहत्तरीला पुण्यात मोठा कार्यक्रम होता. त्यांनी त्यासाठी दोन नवे तंबोरे सांगितले होते, दोघांचा गळा एक हवा. पहिला झाला होता. दुसऱ्याची जवारी तेवढी राहिली होती. पण मला दादा पक्का माहीत. ही जोडी झाली की दुसरं कुणाचं तरी काम येईल, मग तिसऱ्याचं. त्याला जिन्यावरून खाली यायला आता दोनदा बसावं लागत होतं.

“भाऊजी, तुम्ही सांगून बघा,” वैनी म्हणाल्या. “तुमचं ऐकतील.”

“माजं त्यानं कदी ऐकलंय वैनी?”

तरी मी गेलो. दादा गोणपाटावर बसून दुसऱ्या तंबोऱ्याच्या तारा चढवत होता. मी त्याच्यासमोर वाकलो, त्याला माझे ओठ दिसतील असा.

“दादा, मरशील.”

“मरंन की.”

“का पन? मी बसतोयच न्हवं स्टुलावर? मला काय झालंय?”

त्यानं मान तिरकी केली आणि माझ्या स्टुलाकडे बघितलं. स्टुलाखाली खुंट्यांचा भुसा पडला होता.

“तुज्यागत बसायचं,” तो म्हणाला, “त्यापरास हे बरं.”

मला असं लागलं म्हणता! मी स्टूल उचललं, गर्रकन फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. खुंटी हातात घेतली. मर म्हटलं, बस तुझ्या पोत्यावर आणि मर.

माझ्या पाठीमागं कानस फिरली. तारा छेडल्या गेल्या. पुन्हा कानस. सुरुवात चांगली होती. आवाज हळूहळू मोकळा होत होता. पहिल्या तंबोऱ्याच्या अगदी जवळ आला होता, एका हलक्या हाताचं काम राहिलं होतं. तो हात पडला आणि जवारी लागली. माझं तोंड नेहमीसारखं कडू झालं. भिंतीकडे बघत मी ओठ चावला. झालं, म्हटलं, ठेव आता कानस.

पण दादानं कानस ठेवली नाही. त्यानं अजून एक हात मारला.

पंचमाच्या तारेतून बारीकशी चिरक आली. मी कान टवकारले. अजून एक हात. आता मधल्या दोन, जोडाच्या ताराही खरखरायला लागल्या. त्यानं घोडीवर तारांखाली असतात ते सुताचे दोरे मागं-पुढं सरकवून बघितले, त्यानं आणखीच बिघडलं. तरी कानस चालूच. आणि मला, काय सांगू, गुदगुल्या व्हायला लागल्या. सदाशिवरावांची जवारी फाटत होती! चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या पाठीमागं घडत होतं.

“केरबा,” दादा म्हणाला.

मी खुंटी घासत राहिलो.

“केरबा, तोंड इकडं कर.”

“का?” मी भिंतीला विचारलं. ते त्याला ऐकू जाणार नव्हतं.

“आरं तोंड इकडं कर की!” त्याचा आवाज चिरकला. मी त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. “केरबा! कर की रं!”

मी स्टूल फिरवलं. तोंड आवरायचं मी खूप बघितलं, पण आवरेना. माझे दात दिसत असणार. दादा मांडीत तंबोरा घेऊन माझ्याकडे टक लावून बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि विजारीवर घोडीचा पांढरा भुसा. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कानस हळूच फरशीवर ठेवली.

“बिघडली,” तो म्हणाला.

“तुला ऐकू आलं?”

“न्हाई. तू हसाय लागलायस.”

मला काही कळेना. मग हळूहळू कळायला लागलं. गोणपाट माझ्यासमोर का आलं, खिडकीतलं ऊन अचानक डोळ्यांवर का यायला लागलं, माझं नाक इतकं बघण्यासारखं का झालं.

“कदीपासनं?” मी विचारलं.

“दोन वर्सं व्हत आली. आदी वरचे सूर गेले. मग बाकीचं गेलं. आता तारंला हात लावला तर थरथर कळतीया बोटाला, दुसरं काय न्हाई.” त्यानं तंबोऱ्यावरचा भुसा झटकला. “तुजं तोंड कडू झालं की कानस ठेवायची. ह्येच चाललंय.”

“वैनींकडं बघायचं. गिऱ्हाइकाकडं बघायचं.”

“त्यांचं काय घेऊन बसलास! मी छडी वाजवली तरी वा वा म्हंत्यात.” तो माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, “तुज्याएवढं जळून कोन ऐकतंय?”

आत कुठंतरी वैनींनी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मी दुकानात टांगलेल्या तंबोऱ्यांकडे बघत होतो. त्या दोन वर्षांत जे गेले ते आठवत होतो. जयपूरला गेलेला, धारवाडला गेलेला, एक तर थेट अमेरिकेला गेलेला. एकेकाची जवारी ऐकून मी मनात किती शिव्या घातल्या होत्या.

“म्हंजे,” मी म्हणालो, “दोन वर्सं जवारी मी काढतोय.”

“हात माजा हाय,” दादा ताडकन म्हणाला. “कान तुजा आसंल. हात माजा.”

मरायला टेकला होता, कान गेले होते, मांडीत फाटलेली जवारी होती, तरी याचा तोरा जाईना! मला इतका राग आला की रडूच आलं. हा माणूस गेला तर उद्या सकाळी दुकानात येऊन मी कुणावर जळायचं, असं मनात आलं. आठवतंय तेव्हापासून मी दुसरं काही केलंच नव्हतं.

मी त्याच्यासमोर वाकलो. एकेक शब्द सावकाश म्हणालो, त्याला नीट वाचता यावा म्हणून.

“आपरेशन करून ये. तवर ह्ये तोंड तुला दिसनार न्हाई.”

आणि स्टूल फिरवून परत भिंतीकडे तोंड केलं.

आधी तो हसला. मग त्यानं शिव्या दिल्या, माझ्या बापापर्यंत पोचला, जो त्याचा सख्खा चुलता होता. मग म्हणाला, केरबा, घोडी नवीन बसवतो, एवढी जोडी होऊ दे. मग म्हणाला, आरं बाईंना काय तोंड दाखवू? मी मनात म्हटलं, मी कुठलंच दाखवत नाही, तू तुझं बघ. माझा खुबा अवघडून ठणकत होता, समोर भिंतीवर पोपडे आले होते, ते मी मोजत बसलो. बाहेर रस्त्यावरून घोडागाडी गेली, शाळा सुटली, पोरं ओरडत गेली. पाठीमागं बराच वेळ काही आवाज नव्हता. मला भीती वाटायला लागली की तो बसल्या जागी गेला की काय. पण मी वळलो नाही.

“मालन,” दादानं एकदाची वैनींना हाक मारली. “मगदूमबाईंना सांग, येतो म्हनावं.”

ऑपरेशन मिरजेतच झालं. सांधा काढला तेव्हा भोवतीचं मांस काळवंडलेलं होतं, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. दादाच्या रक्तातला धातू उतरायला बरेच महिने लागले. धाप कमी झाली, वजन भरलं, भाकरीला भाकरीची चव यायला लागली. कान मात्र अर्धेच परत आले. समोरासमोर बोललेलं कळायचं, मोठ्यानं मारलेली हाक कळायची. वरचे सूर गेले ते गेलेच. दादासाठी दुसरं स्टूल मी केलं, माझ्यापेक्षा बोटभर कमी उंचीचं. त्याच्या ते लगेच लक्षात आलं. गोणपाट वैनींनी धुतलं आणि दुमडून दारात पायपुसणं म्हणून टाकलं. ज्याच्यावर बसण्यासाठी मी आयुष्यभर तळमळलो, त्याला चपला पुसून गिऱ्हाइकं आत यायला लागली.

कुमुदबाईंचा कार्यक्रम जुन्याच जोडीवर झाला. नवी न्यायला त्या पुढच्या वर्षी आल्या. दादानं दुसऱ्या तंबोऱ्याला नवी घोडी बसवली होती आणि आम्ही दोघं समोरासमोर स्टुलांवर बसून, तंबोरा उंच पाटावर ठेवून, चार दिवस त्याच्याशी झटत होतो. बाई आल्या तेव्हा जवारी जवळजवळ झाली होती. जवळजवळच. पंचमाची तार अजून जरा आखडून होती. मला बरं वाटत होतं, त्यामुळे दादालाही ते माहीत होतं.

“झालं का हो सदाशिवराव?” बाईंनी त्याच्यासमोर येऊन विचारलं. “स्टुलावरून जमतं का?”

“ऐका की आता,” दादा म्हणाला. त्यानं कानस घेतली, श्वास धरला आणि एकच हात मारला, मुंगीच्या पायाइतका. मग तंबोरा बाईंच्या हाती दिला.

बाईंनी डोळे मिटून तारा छेडल्या. आवाज उमलला. एका सुरातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, थेट वरपर्यंत, जिथं दादाला काही ऐकू येत नव्हतं तिथपर्यंत. बाई किती तरी वेळ छेडत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“सदाशिवराव,” त्या म्हणाल्या, “काय कान आहे हो तुमचा! असा कान हजारात एकाला मिळतो.”

मी कानस उचलली आणि परत ठेवली. माझं तोंड कसं झालं असेल ते सांगायला नको.

दादा बाईंकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

“लागली,” तो म्हणाला, आणि त्यानं विजारीवरचा भुसा झटकला.